बत्तीस इंची निरोप

आठवी ‘ब’ला मी प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. फळ्यावर आरसा काढून झाला होता, किरण काढायचा राहिला होता, तेवढ्यात आमचा शिपाई तातोबा दारात येऊन उभा राहिला. तातोबा कधी वर्गात शिरत नसे. चौकटीला धरून उभा राहायचा आणि बाईंचं लक्ष जाईपर्यंत खोकायचा.

"काय ओ तातोबा?"

"बाई, राजमान्यांच्या दुकानातनं फोन आलाय. त्या टीव्हीच्या."

"मग?"

"तुमच्या सासऱ्यांनी आन् तुमच्या वडलांनी मिळून एक खोकं धरलंय म्हणं."

"धरलंय म्हणजे?"

"म्हणजे धरलंय. साडेदहापासनं. सोडंनात झालेत." तातोबानं जरा विचार केला. "राजमाने म्हणाला, बाईंस्नी लावून द्या, न्हाईतर मी पोलिसांस्नी बोलिवतो. पर पोलिसांस्नी काय म्हणून सांगायचं, ते त्याला कळंना झालंय."

आठवी ‘ब’ हसली. मी खडू ठेवला, हात झटकले आणि हेडबाईंकडं अर्ध्या रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘घरगुती’ लिहिलं. बारा वाजायला आले होते.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. जयसिंगपुरात आमच्याकडं गल्ल्या नंबरानं ओळखतात. माझं सासर सातव्या गल्लीत आणि माहेर अकराव्या. मधे चारच गल्ल्या, पण ह्या चार गल्ल्या माझे वडील भूपाल मगदूम आणि माझे सासरे आदगोंडा चौगुले ह्यांनी बावीस वर्षांत ओलांडल्या नव्हत्या. वडलांना मी आण्णा म्हणायची, सासऱ्यांना मामंजी. एके काळी दोघं सूतगिरणीत एकाच पाळीत, एकाच डब्यात जेवणारे. इतके जिगरी की एकाला ताप आला तर दुसऱ्यानं रजा टाकावी. त्या दोस्तीतनंच माझं लग्न मामंजींच्या मुलाशी, शीतलशी ठरलं.

आणि त्या लग्नातच दोस्ती मोडली. मांडवात मामंजींची एक चप्पल हरवली. दोन नव्हे, एक. मामंजी उरलेली चप्पल हातात घेऊन पंगतीतनं शोधत फिरायला लागले. तेव्हा आण्णा चेष्टेनं म्हणाले, "आदगोंडा, तुला एक चप्पल सांभाळता येईना झालीय, माझी पोरगी काय सांभाळणार?" चारशे माणसं हसली. मामंजींनी हातातली चप्पल तिथंच टाकली आणि वरातीत अनवाणी चालत गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे आपसातलं. माझ्यातर्फे चालू होतं. स्वरूपाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, बारशाला दोघं कार्यालयाच्या एकाच खोलीत बसले होते, मधे चार हातांचं अंतर. मामंजी मला म्हणाले, "तुझ्या बापाला म्हणावं, पंख्याखालनं जरा सरक." मी आण्णांकडं वळून म्हटलं, "आण्णा, मामंजी म्हणतात, वारं लागतंय का तुम्हाला?" असं. शब्दाला शब्द मी कधी पोचवला नाही. जरा धुऊन, जरा पिळून पोचवायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पद्मा आहे म्हणून दोन घरं टिकलीत. मी मान खाली घालायची.

राजमान्यांच्या दुकानात पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही, आणि झाडून सगळ्यांत एकच मासा. केशरी, भला मोठा. तो एका टीव्हीत तोंड उघडायचा तेव्हा पंचवीस टीव्हींत उघडायचा. त्या माशांच्या खाली, फरशीवर एक चपटं खोकं उभं होतं. खोक्याच्या उजव्या अंगाला मामंजी स्टुलावर बसलेले, त्यांचा डावा हात खोक्यावर. डाव्या अंगाला आण्णा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, त्यांचा उजवा हात खोक्यावर. दोघांची तोंडं दोन दिशांना. धोतर-टोपीतले दोन म्हातारे आणि मधे खोकं. देवळाच्या दारातल्या द्वारपालांसारखे दिसत होते.

"आली!" दोघं एकदमच म्हणाले.

मालकाचा मुलगा किरण राजमाने तिशीचा असेल. त्याच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. "बाई, असं बघा," तो म्हणाला, "पेपरातनं आम्ही कागद वाटला होता. बत्तीस इंची, निम्म्या किमतीत, एकच नग. तसं छापलंय पण. ह्यांनी हिकडनं हात लावला, त्यांनी तिकडनं. कुणी आधी लावला ते मी बघितलं नाही. शेजारचाच सेट दाखवला, हजारभर जास्त पडतील म्हटलं. तर दोघं म्हणतात, त्याला दे."

"चिठ्ठ्या टाकायच्या," मी म्हटलं.

"म्हटलं की. तर तुमचे सासरे म्हणाले, ही काय सोसायटीची निवडणूक हाय? मग म्हटलं, नाणं उडवू. तर तुमचे वडील म्हणाले, नाणं कुणाचं?"

मामंजींनी घसा खाकरला. "पद्मा, तुझ्या बापाला सांग, पोरी, आमचा टीव्ही खरंच गेलाय. चित्राची रेघ झालीय नुसती. त्याचा चालू हाय. चालू टीव्ही असताना दुसरा घेणं ह्याला माज म्हणत्यात."

मी आण्णांकडं वळले. "आण्णा, मामंजी म्हणतात, घरचा टीव्ही बिघडलाय, तेवढी अडचण समजून घ्या."

"तुझ्या सासऱ्याला सांग," आण्णा म्हणाले, "रेघ तर रेघ, जन्मभर रेघ बघूनच सूत काढलंय त्यानं. आता काय नवीन बघायचंय?"

"मामंजी, आण्णा म्हणतात, तुमची अडचण कळते, पण त्यांचाही सेट जुना झालाय."

"एवढं सगळं बोलला तो?" मामंजींनी संशयानं विचारलं. "मला तर रेघ रेघ ऐकू आलं."

मधेच एक बाई आत आल्या, हातात कोथिंबिरीची पिशवी. त्यांनी बराच वेळ दोघांकडं बघितलं आणि किरणला हळूच विचारलं, "हे काय, मजबुतीचं दाखवालाय व्हय? बसलं तरी मोडत नाही असं?" किरणनं मान हलवली. होय की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नसावं. त्या बाई एक कुकर बघत तिथंच रेंगाळल्या, गेल्या नाहीत.

असं तास-दीड तास चाललं. दोघांना मी सगळं सांगून बघितलं. टीव्ही मीच दोन घेते म्हटलं. तर मामंजी म्हणाले, दोन्ही सारखे असले तर ह्याच्यापुढं माझं काय राहिलं? आण्णा म्हणाले, सारखा घेतला तर म्हणेल, माझं बघून घेतला. पाय दुखले म्हणून मी वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिले. वरचा मासा गेला आणि पोपट आले. पंचवीस टीव्हींत शंभरभर पोपट.

मग आण्णांची चुळबूळ सुरू झाली. सत्तरी उलटलेली, त्यांना तासातासाला जावं लागायचं आणि इथं तीन तास होत आले होते.

"पद्मा, इकडं ये. हात लाव इथं."

"कशाला?"

"मी जाऊन येतो मागं. तोवर माझ्या बाजूनं तू धर. सोडू नको."

मी धरलं. आण्णा वॉशिंग मशीनच्या ओळींमागं गेले. तेवढ्यात मामंजींचंही तोंड कसनुसं झालं. साखरेच्या आजाराचा माणूस, त्यांनी तरी किती वेळ धरायचं! "पोरी, उजवा हात मोकळाच हाय न्हवं तुझा?"

"मामंजी, मी दोन्हीकडनं कशी धरू?"

"मिठी मार की. माझ्या बाजूचा हात माझा, त्याच्या बाजूचा त्याचा. इमानानं धर म्हणजे झालं."

असं मी राजमान्यांच्या दुकानात, भर दुपारी, शाळेच्या साडीत एका टीव्हीच्या खोक्याला मिठी मारून उभी राहिले. कोथिंबिरीच्या बाईंनी आता कुकर खाली ठेवला होता.

मागं दुकानाचा एकच संडास. आण्णा मोकळे होऊन बाहेर आले असतील आणि मामंजी आत गेले असतील. दोनच मिनिटांत दार धडधडल्याचा आवाज आला. मग मामंजींची हाक, "ए राजमाने! कडी अडकली रं!"

किरण उठला, पण तो पोचायच्या आत आण्णांचा आवाज आला. अगदी शांत, सूतगिरणीत मशीन अडल्यावर काढायचे तसला.

"आदगोंडा, कडी वर उचल, आन् मग ओढ."

दुकानात सगळं थांबलं. 

"वर उचललीस काय?"

"उचलली की," आतनं आवाज आला. "ओढंना झालीय."

"खांद्यानं दार दाब, मग ओढ."

खट्ट झालं. दार उघडलं.

किरण माझ्याकडं बघून हात जोडून म्हणाला, "बाई, बोलले की दोघं! देव पावला म्हणायचा!"

 मला मात्र हातातलं खोकं तसंच टाकून मागं पळत जावं आणि दोघांच्या मधे उभं राहावं असं वाटलं. पण मी इमानानं धरून उभी होते.

आता खरं सांगते. माझं लग्न ह्या दोघांनी सूतगिरणीच्या कँटीनमध्ये पंधरा मिनिटांच्या सुट्टीत ठरवलं होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढं बी.एड. करायचं, शाळेत शिकवायचं, असं माझ्या मनात होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी आण्णा घरी आले आणि आईला म्हणाले, "पद्माचं झालं बघ. आदगोंडाच्या शीतलला दिली." मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते.

दोघं एक होते तोवर माझ्यावर छत्र होतं, पण त्या छत्राखाली मान वर करायला जागा नव्हती. मग एक चप्पल हरवली आणि मला पहिल्याच वर्षी एक शोध लागला. एके दिवशी मी मामंजींना सहज म्हटलं, "आण्णा म्हणत होते, चौगुल्यांकडं सुनेला शिकवायची रीत नाही, नाहीतर पद्मा बी.एड. झाली असती." आण्णा असं काहीच म्हणाले नव्हते. मामंजी जेवता जेवता उठले. दुसऱ्या दिवशी स्वतः सांगलीला जाऊन फॉर्म घेऊन आले.

मग मला ते वळणच पडलं. नोकरी धरताना आण्णांचं नाव. स्कूटी घेताना दोघांची नावं, निम्मे पैसे इकडनं, निम्मे तिकडनं. स्वरूपाला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवताना एकदा इकडचं नाव तिकडं, एकदा तिकडचं इकडं. माझा नवरा साखर कारखान्यात, अथणीकडं. रविवारी यायचा, सोमवारी जायचा, त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी कधीच ‘मला पाहिजे’ असं म्हटलं नाही. दुसऱ्याचा निरोप म्हणूनच प्रत्येक गोष्ट मिळवली. हा टीव्हीसुद्धा. मलाच भिंतीवरचा टीव्ही पाहिजे होता. म्हणून मामंजींना म्हटलं, आण्णा घेणार आहेत. आणि नंतर अकराव्या गल्लीत गेले तेव्हा निव्वळ सवयीनं आण्णांना म्हटलं, मामंजी घेणार आहेत. दोघांच्या पेपरात एकच कागद आला होता.

दोघं परत आले ते बरोबरच. मी खोकं सोडलं. त्यांनी ते धरलं नाही. मामंजींनी स्टूल ओढून खुर्चीजवळ घेतलं. किरणनं शेजारच्या टपरीवरनं चहा मागवला.

"चला आण्णा, सोडते तुम्हाला घरी. ऊन वाढलंय," मी म्हटलं.

"थांब जरा. चहा घेऊ दे."

मामंजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशीकडंच बघत म्हणाले, "भूपाल, बी.एड.च्या वक्ताला तू आमची रीत काढायला नको हुतीस. माझ्या आईनं कानातलं मोडून मला शिकिवलं हुतं."

"कसलं बी.एड.? कसली रीत?"

"सुनेला शिकवायची आमच्यात रीत न्हाई म्हणालास."

"मी?" आण्णांची बशी अधांतरी राहिली. "मी तर सगळ्या गिरणीत सांगत फिरलो, आदगोंडा भांडला असला तरी सुनेला शिकवालाय म्हणून. आन् तू स्कूटीवरनं का बोललास? मगदुमाला एक स्कूटी झेपंना झालीय म्हणून?"

"मी कशाला बोलू? स्कूटी मीच घेतली की!"

"तू घेतलीस? निम्मे पैसे तर मी दिले!"

दोघं थांबले. पोपट जाऊन पुन्हा मासा आला होता. ते एकेक करून जुळवायला लागले. सूत तुटलं की दोन टोकं शोधून बोटांत धरावीत, तसं. ते साल, हा निरोप. हा निरोप, ते साल. मी मधे बोलायला तोंड उघडलं की मामंजी बोट वर करायचे. किरण काउंटरमागं गेला होता, पण त्याचे कान इकडंच होते.

"दिवाळीला मी निरोप धाडला हुता तुला," आण्णा म्हणाले. "स्वरूपा सहा वर्षांची आसंल तेव्हा. झालं गेलं, फराळाला ये म्हणून."

"मला न्हाई मिळाला."

"मग तू—" आण्णांचा आवाज खाली गेला. "कुसुमवैनी गेल्या तेव्हा मला यायचं हुतं. पद्मा म्हणाली, येऊ नका, त्यांना तरास हुईल."

मामंजींनी बशी खाली ठेवली. "त्या दिवशी मी दाराकडं बघत बसलो हुतो, भूपाल. मला वाटलं, आता तरी येशील."

 सासूबाई गेल्या त्या दिवशी मी तसं का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. घरात चाळीस माणसं होती, स्वरूपा लहान होती, मी बी.एड.नंतर नुकती कायम झाले होते. मयताच्या दारात दोघं गळ्यात पडतील आणि रडता रडता सगळं बाहेर येईल, एवढीच भीती होती. म्हणून मी एका माणसाला त्याच्या मित्राच्या बायकोच्या अंत्यदर्शनाला येऊ दिलं नाही. लोक मला दोन घरांमधला पूल म्हणायचे. त्या पुलावर जकात घेत मीच बसले होते.

"ह्या टीव्हीचं पण?" मामंजींनी मला विचारलं.

"होय."

"आम्हा दोघांस्नी सांगितलंस?"

"होय."

"तीन तास आम्ही हितं खोकं धरून बसलो."

"होय, मामंजी."

मी वाट बघत होते, ओरडतील म्हणून. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्याऐवजी त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि आण्णांना म्हणाले, "भूपाल, आता हिच्यातर्फे काय बी न्हाई. जे काय हाय ते आपण दोघांनी."

"आपण दोघांनी," आण्णा म्हणाले. आणि बघता बघता, त्याच दुकानात, त्याच चहावर, दोघांनी बावीस वर्षांचं काम काढलं. आई गेल्यापासून आण्णा एकटेच होते; त्यांनी आता एकट्यानं राहायचं नाही, सातव्या गल्लीत यायचं, ठरलं. अकराव्या गल्लीतलं घर भाड्यानं द्यायचं, ठरलं. शीतलनं अथणीची नोकरी सोडून इकडच्या कारखान्यात बघायचं, ठरलं. प्रत्येक वाक्याला ते एकमेकांच्या गुडघ्यावर थाप मारत होते. अडकलेली मशीन एकदाची सुरू व्हावी आणि थांबेचना व्हावी, तसं.

"आन् स्वरूपाचं?" आण्णा म्हणाले.

"तेच म्हणतो मी. नांदणीच्या आवट्यांचा पोरगा हाय बघ. पाइपांचं दुकान. माणसं माझ्या डोळ्याखालची."

"म्हणजे बाळगोंडा आवट्यांचा? लई चांगली माणसं."

"दुसरं वरीस संपलं की उरकून टाकू. पुढचं काय शिकायचं ते तिकडं शिकंल."

"सोमवारी जाऊन येऊया काय?"

"सोमवारी."

पंधरा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. दोघांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं. नातीला चांगलं स्थळ द्यावं, एवढंच त्यांच्या मनात. मी उभी होते आणि सवयीनं डोक्यात शोधत होते, आता कुणाचं नाव घ्यायचं? आण्णांचं घेता येत नव्हतं, मामंजींचं घेता येत नव्हतं, ते दोघं समोर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. नवऱ्याचं घ्यावं, तर फोन करून विचारतील. हेडबाईंचं? स्वरूपाच्या कॉलेजातल्या कुणाचं?

"नाही," मी म्हटलं.

मामंजींनी वळून बघितलं. "काय न्हाई?"

"स्वरूपाचं लग्न नाही करायचं आता. ती शिकणार. नोकरी धरणार. मग तिला वाटलं तर करेल."

"आसं कोण म्हणतंय?"

"मी."

"मी म्हणजे? शीतल म्हणाला काय?"

"नाही."

"मग कोण?"

"मी म्हणते, मामंजी. मीच."

दोघांना खरंच कळेना. आण्णा माझ्या मागं बघायला लागले, तिथं कोणी उभं आहे का म्हणून. मग मामंजी हळूच म्हणाले, "तू इतकी वर्षं खोटं बोललीस, पोरी. आता तुझं कसं ऐकायचं?"

 "माझं बाकीचं काही ऐकू नका," मी म्हटलं. "सासूबाईंच्या वेळचं तर मला माफसुद्धा करू नका. मी मागणारही नाही. पण एवढं एक खोटं नाही. सोमवारी तुम्ही नांदणीला गेलात, तर मी मागनं स्कूटीवर येईन आणि आवट्यांच्या ओसरीवर उभं राहून, सगळ्यांसमोर हेच सांगेन. कुणाचंही नाव न घेता."

माझा आवाज कापत होता.  पण आवाज माझा होता, हे मलाच नवीन होतं.

 मग आण्णा मामंजींना म्हणाले, "तुझ्याकडं बिघडली बघ ही."

"माझ्याकडं? तुझ्याकडनंच तशी आली हुती."

"माझ्याकडनं आली तेव्हा तोंड वर करत नव्हती."

"मग काय केलं न्हवतं आम्ही? बी.एड. केलं!"

अशी दोघांची आपसातच जुंपली. टोप्या सारख्या करत, एकमेकाला दोष देत, ते दुकानाबाहेर पडले. उन्हातनं सातव्या गल्लीकडं चालत गेले. माझ्याकडं वळून बघितलं नाही. खोक्याकडंही नाही.

कोथिंबिरीच्या बाई पुढं झाल्या. "हे आता कोण घेत नाही न्हवं?" असं म्हणून त्यांनी खोक्यावर हात ठेवला आणि दोन मिनिटांत पावती केली.

किरण माझ्यासमोर आला. "बाई, तुम्हाला कुठला दाखवू?"

मी भिंतीकडं बघितलं. पंचवीस मासे एकदम वळले. एवढा वेळ मी ते बघत होते, पण निवडायला म्हणून कधी बघितलं नव्हतं. एका सेटमध्ये मासा जरा जास्तच लाल होता, एकात निळसर. खालच्या ओळीतल्या तिसऱ्यात मासा माशासारखा दिसत होता. तो शेजारचाच, हजारभर जास्तीचा. मी तो घेतला.

मामंजी माझ्याशी पुढं सात महिने बोलले नाहीत. आण्णा पंधरा दिवसांत सातव्या गल्लीत राहायला आले, ते मात्र त्याआधीच, चौथ्या दिवशी बोलायला लागले, बापच शेवटी. नांदणीला कुणी गेलं नाही. स्वरूपा शिकली, बेंगळुरूला नोकरीला लागली, सहा वर्षांनी तिनं तिच्या पसंतीनं लग्न केलं. मामंजी त्या लग्नात सोफ्यावर आण्णांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. सासूबाईंच्या त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एकदाच विचारलं. कधी आणि काय, ते मी सांगणार नाही. ते आमचं दोघांचं आहे.

टीव्ही लावायला माणूस आला तो दुकानातल्या त्या दिवसानंतरच्या शनिवारी. ड्रिल मशीन घेऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "भोकं कुठल्या भिंतीला पाडू?"

मामंजींनी देव्हाऱ्याकडच्या भिंतीकडं हात केला. आण्णा आपलं सामान कुठं मावेल ते बघायला म्हणून आले होते, त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीकडं केला. दोघांनी एकमेकांच्या हाताकडं बघितलं आणि दोन्ही हात खाली आले. मामंजी बोलत नव्हते, पण त्यांनी माझ्याकडं मान वळवली. आण्णांनीही वळवली. ड्रिलवाल्यानंही.

मी पदर खोचला, एकेका भिंतीपुढं जाऊन उभी राहिले. लांबून बघितलं, जवळून बघितलं, खाली बसून बघितलं. चांगली दहा मिनिटं घेतली. ते तिघं उभेच होते. कुणी घाई केली नाही.